क्लबचा पहिला निधी-संकलन उपक्रम : गरज शोधण्यापासून शेवटच्या पावतीपर्यंत

सेवाभावी क्लबची सदस्य होऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "या वर्षीच्या निधी-संकलनाचं कोण बघेल?" सगळे गप्प होते. मी हात वर केला. पुढच्या काही महिन्यांत ज्या गोष्टी अडत-ठेचकाळत शिकले, त्या कुणी आधी कागदावर लिहून दिल्या असत्या तर निम्मा त्रास वाचला असता. तो कागद तुमच्यासाठी लिहिते आहे. तुमचा क्लब रोटरी असो, लायन्स असो, इनर व्हील असो, किवानिस असो, नाहीतर पाच-पंचवीस जणांनी मिळून काढलेलं स्वतंत्र मंडळ असो, पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

१. आधी आपल्या क्लबची दोन खाती ओळखा

पहिल्याच आठवड्यात खजिनदारांशेजारी बसा आणि एकच प्रश्न विचारा : आपले पैसे किती खात्यांत आहेत आणि कोणत्या खात्यातले कशाला वापरता येतात?

क्लबकडे दोन प्रकारचे पैसे असतात. एक सदस्यांची वर्गणी. त्यातून बैठकीचं भाडं, पत्रव्यवहार, वरच्या संस्थेला द्यायचं शुल्क असा घरखर्च चालतो. दुसरे लोकांकडून सेवेसाठी मागितलेले पैसे. लायन्समध्ये ही दोन खाती वेगळी ठेवावीच लागतात, एक प्रशासनाचं आणि एक सेवाकार्याचं. लोकांकडून आलेला पैसा लोकांच्याच कामी लागला पाहिजे, क्लबच्या घरखर्चाला वापरता येत नाही. निधी जमवायच्या कार्यक्रमाचा थेट खर्च तेवढा त्यातून वळता करता येतो. तुमच्या क्लबला असा लेखी नियम नसेल तर तुम्ही तो आणा. मी पाहिलेल्या क्लबमधल्या बहुतेक भांडणांचं मूळ दोन्ही पैसे एका खात्यात असण्यात होतं.

दुसरी गोष्ट वर्षाची. रोटरी आणि लायन्स दोन्हींचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. त्या दिवशी अध्यक्ष बदलतो, सचिव बदलतो, बऱ्याचदा खजिनदारही. एप्रिलमध्ये सुरू केलेलं काम जूनपर्यंत संपलं नाही, तर नव्या मंडळींना त्यात रस असेलच असं नाही. निधी जमवायचा कार्यक्रम वर्षाच्या पहिल्या सहामाहीत घ्या, म्हणजे खर्च आणि हिशेब त्याच कार्यकारिणीच्या हातून पुरा होतो.

२. गरज आधी, कार्यक्रम नंतर

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत जास्त टाळली जाणारी. बैठकीत कल्पना निघते ती अशी : "यंदा एक मोठा संगीताचा कार्यक्रम करू." पैसे कशासाठी, हे नंतर बघू म्हणतात. मग तिकिटं विकताना समोरचा विचारतो, "कशासाठी आहे?" आणि आपण म्हणतो, "समाजकार्यासाठी." त्या उत्तरावर कुणी मनापासून पैसे देत नाही, ओळखीखातर देतो.

आमच्या क्लबने एका निवासी केंद्राला व्हीलचेअर दिल्या होत्या. केंद्राकडून यादी आली, आम्ही पैसे जमवले, खुर्च्या आणल्या, फुलं लावून फोटो काढले. सहा महिन्यांनी मी सहज तिकडे गेले. खुर्च्या व्हरांड्यात एका रांगेत उभ्या होत्या. दोन खुर्च्यांच्या हातांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं आणि एकीच्या पाठीवर ओला टॉवेल वाळत घातला होता. तिथल्या ताई म्हणाल्या, "आत जात नाहीत. दारं अरुंद आहेत." मी तिथंच पट्टी मागून घेतली आणि मोजलं. खुर्ची दारापेक्षा चार बोटं रुंद होती. मापाची पट्टी घेऊन आधी एकदा गेलो असतो तर त्याच पैशांत अरुंद खुर्च्या आणता आल्या असत्या, नाहीतर दारं रुंद करून देता आली असती. त्या दिवसापासून जागा पाहिल्याशिवाय आणि वापरणाऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय मी कुठल्याही प्रकल्पाला हात वर करत नाही.

सेवा क्लबांच्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट याच नजरेची आहे. १९३० साली अमेरिकेतल्या पिओरिया गावच्या लायन्स क्लबचे जॉर्ज बोनहॅम यांनी एका अंध माणसाला रस्ता ओलांडताना पाहिलं. त्याच्या हातातली काठी काळी होती आणि वाहनचालकांना ती दिसत नव्हती. क्लबने काठ्यांना पांढरा रंग दिला, त्यावर लाल पट्टा ओढला आणि त्या वाटल्या. हे सुचायला रस्त्याच्या कडेला उभं राहून नीट पाहावं लागलं होतं. शिकागोच्या पहिल्या रोटरी क्लबने १९०७ च्या सुमारास हाती घेतलेलं पहिलं मोठं नागरी काम शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं यासाठीचं होतं. त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं, पण रस्त्यावरच्या माणसाची ती रोजची अडचण होती.

तुम्ही काय करायचं? दोन-तीन ठिकाणी जा. प्रमुखांना भेटा, पण त्यांच्यावर थांबू नका. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना, रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला, शक्य तिथे स्वतः लाभार्थ्यांना विचारा. तीन प्रश्न पुरतात : रोज कशावाचून अडतं? याआधी कुणी काय दिलं आणि ते आज कुठे आहे? आम्ही वस्तू दिली तर ती बिघडल्यावर दुरुस्त कोण करेल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना कोपऱ्यात पडलेली यंत्रं दिसतात, त्यांच्याकडे बघा. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटसाठी, म्हणजे मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पांना मिळणाऱ्या अनुदानासाठी, अर्ज करायचा तर गरजांची अशी पाहणी जोडावीच लागते, पण ग्रँट नसली तरी ती करावी.

३. ठराव आणि अंदाजपत्रक

गरज पक्की झाली की ती एका वाक्यात लिहा : कुणासाठी, काय, किती, केव्हापर्यंत. ते वाक्य बैठकीत वाचून ठराव करून घ्या आणि इतिवृत्तात नोंद झाली का ते पुढच्या बैठकीत तपासा. ठरावात आणखी एक ओळ हमखास घाला : ठरवल्यापेक्षा जास्त जमले तर ते कशाला वापरायचे आणि कमी जमले तर काय करायचं. लोक याला "नंतर बघू" म्हणतात, आणि नंतर पैसे समोर असताना प्रत्येकाच्या मनात वेगळा प्रकल्प असतो.

जास्त जमतात का? जमतात. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओप्लस मोहीम जाहीर केली तेव्हा लक्ष्य १२ कोटी डॉलरचं होतं. १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख डॉलर जमले. पोलिओची लस प्रत्येक मुलापर्यंत पोचवायची, एवढं स्पष्ट काम असल्यावर माणसं सढळ हाताने देतात.

अंदाजपत्रकात दोन आकडे वेगळे ठेवा : एकूण किती जमेल आणि खर्च जाऊन हातात किती उरेल. शंभर जमवायला सत्तर खर्च होणार असतील तर तो कार्यक्रम करू नका. सदस्यांनी आपापसांत तीस काढून दिले तरी तेवढंच काम होतं. माझा स्वतःचा दंडक असा की खर्च जमेच्या चौथ्या हिश्शावर गेला तर कार्यक्रमाचा आकार कमी करायचा. मंडप, ध्वनियोजना, छपाई, स्मृतिचिन्हं या चार ठिकाणी पैसा गळतो. स्मृतिचिन्हं तर सरळ काढून टाका. देणगीदाराच्या कपाटात आधीच दहा असतात.

४. मार्ग निवडा

प्रत्येक मार्गाचा खड्डा वेगळा आहे, तो आधीच सांगते.

*तिकिटाचा कार्यक्रम.* कष्ट भरपूर, ओळख भरपूर. कोणत्या सदस्याला कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत तिकिटं दिली ते वहीत लिहून सही घ्या. न विकलेली तिकिटं कार्यक्रमाच्या एक आठवडा आधी परत मागा. हे केलं नाही तर आदल्या संध्याकाळी गठ्ठेच्या गठ्ठे परत येतात आणि सभागृह अर्धं रिकामं राहतं.

*स्मरणिका आणि जाहिराती.* जाहिरातीचा मजकूर आणि पैसे एकत्रच घ्या. "छापून झाल्यावर देतो" म्हणणाऱ्यांकडे नंतर चकरा माराव्या लागतात, आणि त्या तुम्हालाच माराव्या लागतात. जाहिरातीचे पैसे म्हणजे जागेचा मोबदला, देणगी नव्हे. पावतीवर तसं स्पष्ट लिहा.

*चालणं, धावणं, सायकल फेरी.* नवीन क्लबला सगळ्यांत सोपं. प्रवेशशुल्क कमी ठेवून प्रायोजक मिळवा. रुग्णवाहिका आणि प्रथमोपचाराशिवाय मात्र एक पाऊलही पुढे टाकू नका.

*सोडत.* बक्षिसाची सोडत अनेक देशांत जुगाराच्या कायद्याखाली येते. परवाना लागतो का हे लेखी विचारल्याशिवाय एकही तिकीट छापू नका.

*दानपेट्या.* पैसे थोडे येतात, पण कामाची माहिती लांबवर पोचते. पेटीला क्रमांक आणि सील हवंच.

*ऑनलाइन देणगी.* क्यूआर कोड क्लबच्या सेवा खात्याचाच. "माझ्या नंबरवर टाका, मी भरते" हे चांगल्या मनाने म्हटलं जातं, तरी नको म्हणा. आणि कार्यक्रमाच्या दिवशी चिकटवलेला प्रत्येक कोड स्वतःच्या मोबाइलवरून तपासा, आपल्या कोडवर दुसराच कोड डकवण्याचे प्रकार घडतात.

*थेट भेटून मागणं.* सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा मार्ग. यावर पुढे वेगळं लिहिते.

५. कागदपत्रं

ही यादी मी एका जाड फाइलच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवली आहे :

- ठरावाची प्रत, अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीची
- क्लबच्या नोंदणीचा दाखला आणि सेवा खात्याचा बँक तपशील
- गरजेची पाहणी : तारीख, भेटलेली माणसं, मापं, फोटो
- ज्यांना मदत द्यायची त्या संस्थेचं विनंतीपत्र आणि देखभालीची लेखी हमी
- जागेची, ध्वनिक्षेपकाची, वाहतुकीची, गरज असेल तर सोडतीची परवानगी
- क्रमांक घातलेली पावतीपुस्तकं आणि कोणतं पुस्तक कुणाकडे याची नोंदवही
- तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांची दरपत्रकं
- फोटोसाठी संमतीपत्रं, लहान मुलांच्या बाबतीत पालकांची
- कार्यक्रमाचा विमा, लागू असेल तर

देणगीदाराला करसवलत मिळते का, हे क्लबच्या नोंदणीवर आणि देशाच्या कायद्यावर ठरतं. खजिनदारांकडून किंवा लेखापरीक्षकांकडून ते लेखी घ्या आणि मगच पत्रकात छापा. सवलत नसताना "करमुक्त" छापलं तर प्रत्येक देणगीदाराची माफी मागत फिरावं लागतं.

६. मागायचं कसं

नव्या सदस्याला सगळ्यांत जड जातं ते हे. मी पहिल्या दुकानात गेले तेव्हा पाच मिनिटं क्लबचा इतिहासच सांगत होते. मालकांनी शेवटी स्वतःच विचारलं, "किती हवेत?" तेव्हा कुठे आकडा तोंडातून निघाला.

आता मी चार वाक्यांत मागते. आम्ही कोण. कुणाची कोणती अडचण आहे. त्यासाठी किती लागतात आणि आतापर्यंत किती जमले. तुमच्याकडून अमुक एवढ्याची अपेक्षा आहे. मग गप्प बसायचं. ती शांतता अवघड वाटते, पण समोरच्याला विचार करायला वेळ हवा असतो. नाही म्हणाले तर आभार मानून निघायचं, तोंड वाईट करायचं नाही. पुढच्या वर्षी तेच हो म्हणतात, असा माझा अनुभव आहे. सर्वांत आधी क्लबच्या सदस्यांकडून घ्या. "तुम्ही स्वतः किती दिले?" हा प्रश्न बाहेर हमखास येतो.

रक्कम लहान आहे म्हणून पावती टाळू नका. रोटरी फाउंडेशन या रोटरीच्या सेवानिधीची कल्पना तेव्हाचे रोटरीचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी १९१७ मध्ये मांडली आणि त्या निधीला आलेली पहिली देणगी होती २६ डॉलर ५० सेंट. कुणीतरी ती नीट नोंदवून ठेवली म्हणून आज सांगता येते.

आवाहनपत्र लिहिताना अतिशयोक्ती करू नका. शिकागोचे व्यावसायिक आणि रोटरीचे सदस्य हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये, बुडत्या कंपनीला सावरण्यासाठी, चार प्रश्नांची कसोटी लिहिली होती. पुढे रोटरीने ती स्वीकारली. तिचा पहिला प्रश्न एवढाच : हे सत्य आहे का? पत्रक छापायला देण्याआधी प्रत्येक वाक्यासमोर तो ठेवून बघा. आणि फोटो : रडणारं मूल, अंगावरच्या जखमा, हात पसरलेली म्हातारी बाई, असं काही वापरू नका. मदत घेणारा माणूस ते पत्रक स्वतः वाचेल असं धरून चाला. त्याला ते घरी दाखवावंसं वाटलं पाहिजे.

७. कार्यक्रमाचा दिवस : रोख रक्कम

आमच्या पहिल्या कार्यक्रमात दाराशी दोन पेट्या होत्या. रात्री मोजणी झाली तेव्हा एका पेटीतली रक्कम पावत्यांपेक्षा बरीच कमी भरली. पेटीजवळ कॉलेजमधला एक स्वयंसेवक बसला होता. त्याला कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. तो पुढच्या बैठकीला आला नाही. दोन आठवड्यांनी एका पदाधिकाऱ्याच्या कोटाच्या खिशात ध्वनियोजनेवाल्याचं बिल सापडलं. गर्दीत त्याने पैसे मागितले, यांनी पेटीतून काढून दिले आणि विसरले. चोरी कुणीच केली नव्हती. मी त्या मुलाच्या घरी जाऊन त्याची माफी मागितली. त्याने चहा दिला, पण क्लबमध्ये परत आला नाही.

म्हणून हे नियम, आणि यात सूट कुणालाच नाही, अध्यक्षांनाही नाही :

आलेला पैसा जसाच्या तसा बँकेत जाईल, त्यातून एकही खर्च होणार नाही. दिवसाच्या खर्चासाठी वेगळी आगाऊ रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवा आणि प्रत्येक खर्चाला व्हाउचर करा. पेटीजवळ नेहमी दोघं बसतील, एकाच घरातले नकोत. अल्पवयीन मुलांना रोख रकमेजवळ एकटं बसवू नका. मोजणी दोघांनी स्वतंत्रपणे करायची, नोटांची वर्गवारी कागदावर लिहायची, दोघांनी सही करायची आणि तिसऱ्याने ती पावत्यांच्या स्थळप्रतींशी ताडून बघायची. चुकलेली पावती फाडून फेकू नका, "रद्द" लिहून दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवा. बँकेत भरणा दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू होताच करायचा. घरी कपाटात ठेवलेला पैसा ठेवणाऱ्यालाच झोपू देत नाही.

सगळे थकलेले असतात आणि "उद्या मोजू" असं कुणीतरी म्हणतंच. त्याच रात्री मोजा.

८. खरेदी आणि हस्तांतर

तीन दरपत्रकं घ्या. विक्रेता सदस्यांपैकी कुणाचा नातलग किंवा भागीदार असेल तर ते बैठकीत आधी उघड सांगायला हवं, आणि त्या सदस्याने निर्णयातून बाजूला व्हायला हवं. दर स्वस्त असला तरीही. वस्तू घेताना हमीपत्र संस्थेच्या नावाने करा, क्लबच्या नावाने नको. नाहीतर दुरुस्तीच्या प्रत्येक वेळी त्यांना तुम्हाला शोधावं लागेल.

हस्तांतराचा कार्यक्रम छोटा ठेवा. मदत घेणाऱ्यांना उन्हात ताटकळत बसवून भाषणं करू नका. वस्तू त्यांच्या जागी बसवा, एकदा चालवून दाखवा, पोच घ्या. फलक लावायचा असेल तर संस्थेला विचारून लावा.

९. हिशेब द्या

एका महिन्याच्या आत प्रत्येक देणगीदाराला एक पान पाठवा : किती जमले, कार्यक्रमाला किती लागले, कशावर किती खर्च झाला, किती शिल्लक आहे आणि ती कुठे जाईल. सोबत वापरात असलेल्या वस्तूचा एक फोटो, माणसाचा चेहरा न दाखवता. काही चुकलं असेल तर तेही लिहा. व्हीलचेअरबद्दल आम्ही पुढच्या वर्षी देणगीदारांना खरं ते कळवलं. दोघांनी उलट फोन करून विचारलं की दारं रुंद करायला किती लागतील. ती दारं त्यांच्याच पैशांतून झाली.

हिशेबाची फाइल पाच वर्षं तरी जपा. रोटरीच्या ग्रँटसाठी तेवढी किमान अट आहेच, तुमच्या देशाचा कायदा जास्त सांगत असेल तर तितकी. जूनअखेर नव्या पदाधिकाऱ्यांकडे ती सोपवताना वरती एक साधा कागद लावा : देणगीदारांची नावं, त्यांनी काय विचारलं होतं, कोणत्या संस्थेत कुणाला भेटायचं, काय अर्धवट आहे. आणि सहा महिन्यांनंतरची एक तारीख लिहा, त्या दिवशी कुणीतरी तिथे जाऊन वस्तू वापरात आहे का ते बघेल. माझ्या फाइलवर अशा चार तारखा आहेत. पुढची येत्या मंगळवारची आहे, आणि पिशवीत मापाची पट्टी आताच टाकून ठेवली आहे.